नाट्यगृह : वास्तू की प्रयोगस्थळ? पुणे ते पणजी मार्गावरील काही रंगमंदिरांची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी नाट्यसमीक्षेने संहितेचा, नटाचा आणि अलीकडच्या काळात दिग्दर्शकाचा जेवढा विचार केला, तेवढा नाट्यगृहाचा केलेला नाही. नाट्यगृहाचा उल्लेख येतो तो बहुधा पहिल्या प्रयोगाची तारीख नोंदवताना, नाहीतर तेथील गैरसोयींविषयी खंत व्यक्त करताना. आपल्या महाविद्यालयांच्या अभ्याससहलीही यास अपवाद नाहीत. विद्यार्थी दर्शनी भागासमोर उभे राहून छायाचित्र काढतात, पायाभरणीची पाटी उतरवून घेतात आणि पुढच्या स्थळाकडे निघतात. प्रयोग मात्र पाहिलेला नसतो.

प्रस्तुत लेखात पुणे, सांगली, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि पणजी या मार्गावरील काही प्रयोगस्थळांचा विचार केला आहे. एखादे नाट्यगृह 'प्रेक्षणीय' कशामुळे ठरते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी तीन निकष गृहीत धरले आहेत : श्राव्यता, म्हणजे नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचतो, अंतर, म्हणजे नट आणि प्रेक्षक यांच्यातील प्रत्यक्ष व सामाजिक दुरावा, आणि वहिवाट, म्हणजे त्या जागेत कोण, काय आणि किती सातत्याने सादर करते. वास्तूचे सौंदर्य हा निकष जाणीवपूर्वक दुय्यम मानला आहे.

पुणे : दोन मंचांची परंपरा

31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग पुण्यातील आनंदोद्भव नाटकगृहात झाला. तेव्हापासून पुण्याचे नाट्यगृह हे प्रामुख्याने गाणाऱ्या नटाचे घर राहिले. या परंपरेचे स्मारक म्हणून बालगंधर्व रंगमंदिराकडे पाहिले जाते. त्याची कोनशिला 1962 मध्ये स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसली. 26 जून 1968 रोजी उद्घाटन झाले, तेव्हा मात्र ते हयात नव्हते. 1967 मध्येच त्यांचे निधन झाले होते. ध्वनिवर्धकाविना गाणाऱ्या पिढीचे नाव धारण करणारे हे रंगमंदिर उभे राहिले ते ध्वनिवर्धक रुळलेल्या काळात. श्राव्यतेच्या निकषावर हा विरोधाभास लक्षणीय आहे. तथापि वहिवाटीच्या दृष्टीने या वास्तूचे महत्त्व मोठे आहे. नाटक, गाण्याची मैफल, व्याख्यान आणि लावणीचा कार्यक्रम यांना एकाच मंचावर आळीपाळीने स्थान मिळाल्यामुळे भिन्न अभिरुचीचा प्रेक्षक एकाच दारातून आत येऊ लागला. या जागी नवे संकुल उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा कलावंतांनी विरोध नोंदवला, तो केवळ भिंतींवरील प्रेमापोटी नव्हे. ही वहिवाट मोडेल, ही भीती त्यामागे होती.

याच्या उलट उदाहरण भरत नाट्य मंदिराचे. 16 डिसेंबर 1972 रोजी येथे विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. चित्रचौकटीच्या मंचावर ओळीने उभ्या राहिलेल्या नटांची भिंत आणि तिच्या हालचालींतून घडणारे पुणे हा या प्रयोगाचा सर्वपरिचित विशेष. तिथे नेपथ्याची जागा माणसांनी घेतली. याचा अर्थ असा की, मंचाची मर्यादा ओळखणारा दिग्दर्शक त्या मर्यादेतूनच नवे रूप घडवू शकतो. नाट्यगृह प्रयोगाला आकार देते, पण त्याचे भवितव्य ठरवत नाही.

पुण्याचा विचार येथेच संपवला तर तो अपुरा राहील. गणेश पेठेतील आर्यभूषण थिएटर हे संगीतबारी आणि लावणीचे दीर्घकाळचे केंद्र. पण 'सांस्कृतिक पुण्या'च्या याद्यांत त्याचा समावेश क्वचितच होतो. ज्या कलावंत स्त्रियांनी ही कला जोपासली, त्यांच्या जागेला रंगमंदिर न म्हणता नुसते थिएटर म्हणण्यात आपल्या अभिरुचीची जातवर्गीय चौकट उघड होते. 'अंतर' हा निकष येथे फुटांत मोजता येत नाही.

सांगली : वास्तूविना उगम

सांगली हे मराठी नाटकाचे उगमस्थान. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या संस्थानिकांसमोर 'सीतास्वयंवर' सादर केले आणि म्हणूनच हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. परंतु हा प्रयोग नाट्यगृहात झालेला नाही. तो राजवाड्यात झाला. सूत्रधाराचे पद्यगायन आणि पात्रांची उत्स्फूर्त भाषणे यांवर उभ्या असलेल्या त्या खेळास बांधीव मंचाची गरजच नव्हती. पुढे भाव्यांची मंडळी मुंबईस गेली, 1853 मध्ये ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले आणि तिकीट काढून चौकटीतले दृश्य पाहणारा प्रेक्षक मराठी नाटकाला लाभला. आजचे विष्णुदास भावे नाट्यगृह हे या उगमाचे स्मरण आहे, उगमाचे स्थान नव्हे. अभ्यासकाने येथे जायचे तर ते 5 नोव्हेंबरच्या सुमारास, भावे गौरवपदकाच्या निमित्ताने नाट्यकर्मी एकत्र येतात तेव्हा.

कोल्हापूर : जळालेले काय, उरलेले काय?

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे पॅलेस थिएटर 1915 मध्ये पूर्ण झाले. पुढे त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. लगतच खासबागेचे कुस्तीमैदान आहे. मल्ल आणि नट यांना एका आवारात शेजार देणारी ही योजना राजाश्रयाची असली, तरी तिचा प्रेक्षक केवळ दरबारी नव्हता. कुस्तीला येणारा ग्रामीण माणूस आणि संगीत नाटकाला येणारा रसिक यांची वाट एकच झाली, हे या स्थळाचे सामाजिक वैशिष्ट्य होय.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छप्पर आणि प्रेक्षागृह यांची राख झाली; दगडी भिंतींचा बराचसा भाग उभा राहिला. त्यानंतर 'मूळ रूपात' पुनर्बांधणी करण्याची घोषणा झाली व कामही हाती घेण्यात आले. शब्दप्रयोग आश्वासक आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने प्रश्न येथूनच सुरू होतो. मूळ रूप म्हणजे कोणते? कमानी आणि दगड हे रूप मानले, तर ते बव्हंशी वाचलेलेच आहे. जे जळाले ते लाकूड होते, आणि गाणाऱ्या नटाचा आवाज खोलीत कसा फिरतो हे दगडाइतकेच, किंबहुना अधिक, लाकडावर, छताच्या उंचीवर आणि आसनांच्या मांडणीवर अवलंबून असते. नव्या वास्तूत अग्निसुरक्षेचे नियम कसोशीने पाळावेच लागतील, यात दुमत नाही. पण जुन्या सभागृहाची श्राव्यता हे पुनर्बांधणीचे मोजता येण्याजोगे उद्दिष्ट नसेल, तर केशवरावांच्या नावाने उभी राहील ती एक देखणी इमारत. त्यांच्या आवाजाला साजेसे नाट्यगृह नव्हे.

सिंधुदुर्ग : मंचापूर्वीचा मंच

कोल्हापूरहून घाट उतरून तळकोकणात गेले की नाट्यगृहाची व्याख्याच बदलते. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत दशावताराचे प्रयोग होतात. देवळाचा सभामंडप किंवा समोरचे आवार हे नाट्यगृह. एक बाकडे हे सिंहासनही आणि रथही. हार्मोनियम, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर गणपती, सरस्वती, संकासूर यांचे पूर्वरंग होतात व पुढे आख्यान रंगते. लिखित संहितेऐवजी नटांच्या स्मरणावर आणि हजरजबाबीपणावर चाललेला हा खेळ पहाटे दहीकाल्याने संपतो. येथे तिन्ही निकष एकत्र नांदताना दिसतात : प्रेक्षक हाताच्या अंतरावर, शब्द थेट कानावर आणि वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची. मात्र या परंपरेचे भाबडे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करण्याची रूढी आणि देवळाच्या आवारातील मानपानाची उतरंड हीही त्या वहिवाटीचीच अंगे आहेत.

पणजी : चित्रातले प्रेक्षक

मांडवीच्या काठावरील कला अकादमीची वास्तू चार्ल्स कोरिया यांची. उंचीचा बडेजाव न करता नदीकडे मोकळी होत जाणारी ही रचना, तिकीट न काढताही आत येऊन बसता येईल अशी सार्वजनिक जागा आहे. दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर जुन्या नाट्यगृहातील सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवलेले. मराठी नाटक, कोकणी तियात्र आणि शास्त्रीय संगीत यांना एका छताखाली आणणारी ही वास्तू नूतनीकरणासाठी बंद असताना जुलै 2023 मध्ये तेथील खुल्या प्रेक्षागृहाचे छत कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वास्तू पुन्हा खुली झाली, तेव्हा ध्वनी आणि प्रकाशव्यवस्थेबाबत कलावंतांनीच आक्षेप नोंदवले. डोळ्यांना पूर्ण झालेले काम कानाला अपुरे वाटले, असा याचा अर्थ. कोल्हापूरने हा अनुभव विचारात घेणे अगत्याचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, नाट्यगृहाचे जतन आणि वास्तूचे जतन या दोन भिन्न बाबी आहेत. वास्तू रिकामी असतानाही पाहता येते; नाट्यगृह केवळ प्रयोग चालू असतानाच दिसते. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास पुनर्बांधणीच्या समित्यांत स्थापत्यतज्ज्ञ असतात, पण शेवटच्या रांगेत बसून ऐकणारा कोणी नसतो.

यात आपल्या महाविद्यालयांचाही वाटा आहे. आपण स्वतः बांधलेली 'बहुउद्देशीय सभागृहे' या तीन निकषांवर तपासली तर निष्कर्ष फारसे सुखावह निघणार नाहीत. निदान अभ्याससहलीचा एक नियम बदलणे आपल्या हाती आहे : स्थळ आधी व प्रयोग जमल्यास, हा क्रम उलटा करावा. प्रयोगाची तारीख प्रथम पाहावी, मग गाडी ठरवावी. आणि विद्यार्थ्यांकडून अहवाल घेताना इमारतीचे वर्णन मागण्याऐवजी तेथे काय ऐकू आले, हे विचारावे.