फूल प्रवास करतं की निरोप?

'दूरवर फुलं पाठवण्याच्या व्यवसायाचा इतिहास' असा विषय संशोधनासाठी घेतलात, तर वाचायला मिळतं ते बहुतेक एकाच साच्यातलं: आधी तार आली, मग टेलिफोन, मग इंटरनेट, आणि फुलं लांब जाऊ लागली. माझा आक्षेप या साच्याच्या पायावरच आहे.

१९१० साली अमेरिकेत पंधरा फूलविक्रेत्यांनी 'फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी' ही संस्था काढली. एका शहरातला दुकानदार पैसे घ्यायचा, दुसऱ्या शहरातल्या सभासदाला तार करायचा आणि तो आपल्याच दुकानातली फुलं पोहोचवायचा. म्हणजे बघा, फूल गावाबाहेर गेलंच नाही; गेली ती तार. संस्थेने विकला तो भरवसा: अनोळखी दुकानदार काम नीट करेल आणि त्याचे पैसे बुडणार नाहीत.

म्हणून तारेपेक्षा हिशेबाकडे बघा. सभासदाला दुसऱ्या जाळ्यात जाण्यापासून रोखायचं नाही, असं बंधन १९५६ साली सरकारी खटल्यातून या संस्थेवर आलं. १९९४ मध्ये सभासदांची ही सहकारी संस्था खासगी गुंतवणूकदारांकडे गेली. 'तार-टेलिफोन-इंटरनेट' या साच्यात या दोन घटनांना जागाच नाही. धंदा कुणाच्या ताब्यात, असं विचारलं की त्याच मध्यवर्ती ठरतात.

तंत्रज्ञान बिनमहत्त्वाचं आहे असं नाही. शीतसाखळीशिवाय मावळातला गुलाब विमानाने परदेशी पोहोचला नसता. पण ती वाहतुकीची गोष्ट झाली. ती आणि ऑर्डरची गोष्ट एकत्र कालवू नका.

आता हे आपल्याकडे लावून बघू. समजा, परदेशातल्या नातवाने शिरूर तालुक्यातल्या इनामगावात आजीला गुच्छ पाठवला. संकेतस्थळ पैसे घेणार, गुच्छ जवळपासचं एखादं दुकान बांधणार. उलट शेतातला झेंडू टेम्पोत बसून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात जातो, तेव्हा फूल खरंच प्रवास करतं. तिथे अडत्या ते विकतो आणि हिशेबाची पट्टी देतो. माल सुकला किंवा दसरा उलटून भाव पडला, तर फटका शेतकऱ्याला. पहिल्या साखळीत गुच्छ कोमेजलेला निघाला, तर तो बदलून देण्याची वेळ सहसा पोहोचवणाऱ्या दुकानावर येते. नासण्याची जोखीम ज्याच्या हातात फूल त्याच्याकडे, आणि कमिशन ज्याच्या हातात गिऱ्हाईक त्याच्याकडे. दोन्ही साखळ्यांची तुलना इथून सुरू व्हायला हवी.

पुराव्याची अडचण मात्र मोठी आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात याच इनामगावला उत्खनन केलं. तिथे सातूचे जळालेले दाणे टिकले होते, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीबद्दल बोलता आलं. फूल असं टिकत नाही. फुलांच्या व्यापारातून उरतात त्या पट्ट्या, ऑर्डरवह्या, खटल्यांची कागदपत्रं. आणि ती बहुतेक मधल्या माणसांनी लिहिलेली. फूल हाताळणाऱ्याची बाजू त्यांत क्वचितच येते.

तेव्हा 'तंत्रज्ञानाचा परिणाम' असं शीर्षक ठरवण्याआधी एका गुच्छाचा किंवा एका पट्टीचा माग काढा. पैसे कुणाकडून कुणाकडे गेले आणि नुकसान कुणी सोसलं, ते एका कागदावर मांडा. ज्या रकान्याला कागदपत्रांत उत्तर मिळणार नाही, तिथे मुलाखती घ्याव्या लागतील, आणि तेवढा वेळ प्रस्तावात आधीच धरून ठेवा.