वाडा बोलतो, पण कोणत्या भाषेत?

जुना वाडा पाहताना आपण भिंतींची जाडी पाहतो, पाटी वाचतो आणि बाहेर पडतो. दक्षिण वेल्समधील लान्कायाख व्हावर या वाड्याने ही रीत मोडली होती. सुमारे 1550 मध्ये बांधलेल्या या घरात काळ 1645 वर थांबवला होता आणि त्या काळच्या पोशाखातील नोकरमाणसेच पाहुण्यांना घर दाखवीत. मुलाकडे कार्डिफला गेलो असता मी तो पाहिला.

या प्रयोगाचे यश दृष्टिकोनाच्या निवडीत आहे. इतिहास सांगत ते मालक कर्नल एडवर्ड प्रिचर्ड नव्हते, त्यांचे नोकर. ऑगस्ट 1645 मध्ये राजा पहिला चार्ल्स या घरी येऊन गेला. पुढे प्रिचर्ड पार्लमेंटच्या बाजूला गेले. ग्रंथात ही एक ओळ. पण धन्याने बाजू बदलली की चुलीपाशी राबणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न नोकराच्या तोंडूनच जिवंत होतो.

उणीव मात्र मर्मावरची आहे. ही माणसे जुन्या वळणाची इंग्रजी बोलत. ऐकायला ती गोड. त्या काळच्या इंग्रजीतही आपल्या तू-तुम्हीसारखा मानाचा भेद होता, हे कानांना कळते. पण ग्लॅमॉर्गनच्या त्या डोंगराळ भागातील सामान्य माणसाची बोली तेव्हा वेल्श होती. 1536 च्या कायद्याने कचेरीची भाषा इंग्रजी केली, चुलीची नव्हे. पाहुण्यांना समजावे म्हणून तडजोड करावी लागते, हे मान्य. पण ती तडजोड आहे, हे अशा प्रयोगाने पात्राच्या तोंडूनच कबूल करावे.

हे परक्याच्या घराकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मीच एका देसाई वाड्यावर नाटुकले लिहिले होते. त्यातला गडी शुद्ध मराठी बोलत होता. प्रयोगानंतर आमचे शिपाईमामा म्हणाले, "सर, आमचा आज्जा असल्याच वाड्यात राबला. त्याला मराठी कळायची, पण बोलायचा कानडीच." मला उत्तर सुचले नाही.

सीमाभागात आपण आपल्या भाषेसाठी भांडतो आणि ते योग्यच आहे. पण भूतकाळ रंगमंचावर आणताना शेजाऱ्याच्या तोंडची भाषा काढून तिथे आपली घातली, तर आपला तक्रारीचा अधिकार तेवढा उणा होतो.

पैशाच्या ओढाताणीत तो वाडा 2024 च्या अखेरीस बंद झाला. माझे नाटुकले मात्र पुन्हा लिहिता येईल. यंदा गडी कानडी बोलेल. ज्यांना समजणार नाही, ते शेजारी बसलेल्याला विचारतील.