यादी कोणी करायची? – ‘ट्राय’च्या २०१६ च्या नियमांचे एक वाचन

भाषेच्या अध्यापकाने दूरसंचाराच्या नियमांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु नियम हाही शेवटी एक मजकूरच असतो. त्यात कोणता शब्द घेतला आणि कोणता टाळला, यावर लाखो लोकांचे व्यवहार ठरतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी डेटा सेवांच्या भेदभावपूर्ण दरांना मनाई करणारे नियम काढले. या नियमांनी काय साधले आणि त्यांच्या हातून काय सुटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मूळ कल्पना पाहू. ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्दप्रयोग अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांच्या २००३ मधील निबंधामुळे रूढ झाला. मराठीत ‘इंटरनेटची तटस्थता’ असे म्हणता येईल. जोडणी पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या तारांतून जाणाऱ्या मजकुरात डावे-उजवे करू नये, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी आपल्या शहरांच्या वेशीवर जकात नाके असत. ज्या शब्दाने उर्दूत सधनाच्या मालातील गरजूंचा हक्काचा वाटा सुचतो, तोच शब्द मराठीत वेशीवर माल अडवून घेतलेल्या कराला लागला, ही गंमत आपण वर्गात नेहमी सांगतो. रस्ता राखण्याचा मोबदला कंपनीला ग्राहकाकडून मिळतच असतो. गाडीत कोणाचा माल आहे हे पाहून निराळा आकार घेण्याची मुभा तिला मिळाली, की रस्ता राखणारा नाकेदार होतो.

भारतात हा प्रश्न ऐरणीवर आला तो २०१४ च्या अखेरीस. इंटरनेटवरून होणाऱ्या बोलण्यासाठी वेगळा आकार घेण्याचा बेत एअरटेलने डिसेंबरमध्ये जाहीर केला आणि टीका होताच थांबवला. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना महाराष्ट्र, गुजरात आणि आंध्र प्रदेशासह काही भागांत सुरू केली. तिच्या भाषांत मराठीही होती. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. निवडक संकेतस्थळे मोफत पाहता येतील, बाकीच्यांसाठी पैसे मोजावे लागतील, अशी तिची रचना होती. मार्च २०१५ मध्ये ‘ट्राय’ने काढलेल्या चर्चापत्रावर दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. डिसेंबरमध्ये दरांविषयी दुसरे चर्चापत्र निघाले, तेव्हा फेसबुकने मोठी जाहिरात मोहीम चालवली. एवढा गदारोळ झाल्यावर हे नियम आले.

नियमांचा गाभा एका वाक्यात मावतो: कोणत्याही सेवा पुरवठादाराने मजकुराच्या आधारावर डेटा सेवांसाठी भेदभावपूर्ण दर लावू नयेत. उल्लंघनासाठी दररोज ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठेवला आहे. आणीबाणीच्या प्रसंगी दर कमी करण्याची सवलत आहे, पण तेही प्राधिकरणाला कळवावे लागते. मला या मजकुराचा मोठा गुण वाटतो तो त्याच्या स्पष्टतेत. ‘वाजवी’, ‘योग्य त्या प्रसंगी’ असे शब्द गाभ्याच्या वाक्यात घातले असते, तर प्रत्येक योजनेगणिक वाद उभा राहिला असता आणि वाद लढण्याची ताकद मोठ्या कंपनीकडेच असते. सोबतच्या स्पष्टीकरणातील एक मुद्दाही मोलाचा आहे. देशातील बहुसंख्य लोक अद्याप इंटरनेटवर यायचे असताना प्रवेशाचे स्वरूप कंपन्यांना ठरवू दिले, तर या लोकांचा इंटरनेटचा सारा अनुभवच कंपन्या घडवतील, असे त्यात म्हटले आहे.

यावरचा आक्षेप हलका नाही. गरीब विद्यार्थ्याला काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मोफत मिळाले तर बिघडले कुठे? आपल्यापैकी अनेकांनी रिचार्ज संपल्यामुळे स्वाध्याय न पाठवू शकलेले विद्यार्थी पाहिले आहेत, म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही. मात्र नियमांनी मोफत देण्याला मनाई केलेली नाही. निवडून मोफत देण्याला केली आहे. ठरावीक डेटा सर्वांना फुकट द्यावा आणि तो कशासाठी वापरायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, याला काहीच अडसर नाही. ‘ट्राय’नेच डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना दरमहा १०० एमबी डेटा मोफत देण्याची शिफारस केली होती. एखाद्या छोट्या उर्दू त्रैमासिकाच्या किंवा तालुक्याच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळाच्या दृष्टीने हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. मोफतच्या यादीत नसलेले पान गरीब वाचकापुरते नसल्यातच जमा असते.

अमेरिकेशी तुलना केली तर आपल्या नियमांचे बळ कळते. तेथे सारा वाद जुन्या कायद्यातील दोन शब्दांवर अडला: इंटरनेट जोडणी ही ‘दूरसंचार सेवा’ की ‘माहिती सेवा’? संघीय दळणवळण आयोगाने २०१५ मध्ये पहिला अर्थ घेऊन तटस्थतेचे नियम केले, २०१७ मध्ये दुसरा अर्थ घेऊन ते रद्द केले, २०२४ मध्ये पुन्हा आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते मोडीत काढले. सत्ता बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो, असा तो प्रकार झाला. आपल्या प्राधिकरणाने शब्दार्थाचा हा घोळ टाळून थेट दरावर बोट ठेवले.

पण याच ठिकाणी त्याची मर्यादाही आहे. हे नियम किमतीपुरते बोलतात. मजकूर अडवणे किंवा त्याचा वेग कमी करणे यांवरील बंदी सरकारने जुलै २०१८ मध्ये मान्य केली आणि नंतर ती परवान्यांच्या अटींत आली. तीही परवानाधारक कंपन्यांना बांधते. कायद्यानुसार निघालेले सरकारी आदेश तिच्या बाहेर आहेत. या फटीचा अर्थ काश्मीरमध्ये दिसला. ऑगस्ट २०१९ पासून तेथे इंटरनेट बंद होते. बेमुदत बंदी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले. त्यानंतर जोडणी हळूहळू सुरू झाली, ती प्रथम १५३ आणि पुढे ३०१ संकेतस्थळांच्या सरकारी यादीपुरती. ती यादी मार्च २०२० मध्ये उठली, तर ४जी सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये परतली.

एका यादीमागे बाजारपेठेचा हिशेब होता, दुसरीमागे सुरक्षेचे कारण दिले गेले; दोन्ही एका तागडीत तोलण्याचा माझा हेतू नाही. पण यादीबाहेरच्या संकेतस्थळाच्या वाट्याला जे येते, ते दोन्हीकडे सारखेच. कंपनीने केलेली यादी जर नागरिकाचा अनुभव घडवते, तर शासनाने केलेली यादी घडवत नाही काय? २०१६ च्या नियमांनी नाकेदाराला ओळखले, पण एकाच पोशाखात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने सेवा स्थगित करण्याचे अधिकार सरकारकडे कायम ठेवले आहेत, म्हणून हा प्रश्न जुना झालेला नाही.

दुसरीकडून कंपन्यांची मागणीही थांबलेली नाही. जास्त वाहतूक निर्माण करणाऱ्या संकेतस्थळांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, असे त्या म्हणतात. आज हा वाटा मोठ्या कंपन्यांकडून मागितला जात आहे. उद्या तो कोठवर झिरपेल हे आपण आताच विचारले पाहिजे. अशा विषयांवर ‘ट्राय’ चर्चापत्रे काढते आणि कोणीही मत कळवू शकतो. आपल्या महाविद्यालयांतून, आपल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी सांगणारी किती मते आजवर गेली? पुढचे चर्चापत्र निघेल तेव्हा स्टाफरूममध्ये त्याचे एकदा वाचन व्हावे आणि चार ओळींचे का होईना, आपले उत्तर जावे. यादी कोणीच करू नये असे वाटत असेल, तर तसे कळवावे लागेल.