संगणक-अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण आणि मराठी वाक्य

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण भारतीय भाषांतून देण्यास अनुमती दिली, आणि २०२१-२२ पासून पिंपरी-चिंचवड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक-अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम मराठीतून सुरू झाला. पाठोपाठ परिषदेने प्रथम वर्षाची पाठ्यपुस्तके मराठीत आणली, आणि ‘अनुवादिनी’ नावाचे भाषांतरयंत्रही या कामी जुंपले. या घटनेचे स्वागत आणि उपहास दोन्ही भरपूर झाले. परंतु दोन्ही पक्षांनी वाद घातला तो शब्दांवर, म्हणजे नामांवर. ‘सॉफ्टवेअर’ला काय म्हणावे, ‘डेटा’ला ‘विदा’ म्हणावे की नाही, ‘अल्गोरिदम’ तसाच ठेवावा की कसे, यापलीकडे चर्चा फारशी गेली नाही. या विषयाचे शिक्षण नामांवर अडत नसून वाक्यावर अडते, आणि ज्या ठिकाणी मराठीजवळ खरे सामर्थ्य आहे तेच ठिकाण भाषांतरित पाठ्यपुस्तके गमावून बसतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते येथे सप्रमाण मांडावयाचे आहे.

प्रश्न नवा नाही हे प्रथम सांगितले पाहिजे. मुंबईत १८२३ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली अभियंत्यांसाठी जी शाळा निघाली, तिचे शिक्षण देशी भाषांतून होत असे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने जर्व्हिसने गणिताचे ग्रंथ मराठीत उतरविले. हेच क्रमवंत पुढे १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातही होते. १८४७-४८च्या सुमारास शिक्षणमंडळात अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट आदी एतद्देशीय सभासद देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. व्यवहारात पेरी यांची सरशी झाली. म्हणजे अभियांत्रिकी मराठीतून शिकविण्याचा प्रयोग या शहरात मुंबई विद्यापीठाहून जुना आहे, विद्यापीठ १८५७चे. ज्यांना २०२१चा उपक्रम अघटित वाटतो त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.

आता नायगावकडे वळू. दादरच्या पूर्वेचा हा भाग या विवेचनासाठी निवडण्यास कारण आहे. येथेच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू आहे आणि त्याच्याच आश्रयाने १९४८ साली अ. का. प्रियोळकर यांच्या संचालकत्वाखाली मराठी संशोधन मंडळ उभे राहिले. येथेच बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या बेचाळीस चाळी; त्यांच्या पुनर्विकासाचा प्रारंभ २०१७ साली झाला. बॉम्बे डाइंगची स्प्रिंग मिल याच परिसरातील. आणि चालत जाण्याच्या अंतरावर, माटुंग्यास, १८८७ साली भायखळ्यास स्थापन होऊन १९२३ साली येथे आलेली व्ही.जे.टी.आय. ही संस्था. गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडविणे हा तिच्या स्थापनेमागील एक प्रमुख हेतू होता. गिरणीकामगाराचा नातू त्या वा तत्सम महाविद्यालयात संगणक शिकावयास जातो, ही आज या वस्तीतील साधी गोष्ट आहे. (जाकारच्या १८०४च्या मागावरील छिद्रांकित पत्रे बॅबेजने आपल्या विश्लेषणयंत्रासाठी योजिली होती, तेव्हा आजोबांचा माग आणि नातवाचा संगणक यांचे नाते अगदीच दूरचे नाही.)

त्या आजोबांच्या भाषेने यंत्रयुगातील शब्दांचे काय केले? माग तो ‘साचा’ झाला, आडवे सूत नेणारा तो ‘धोटा’ राहिला, ‘थ्रॉसल’चे ‘त्रासन’ झाले, आणि हिशेबाच्या वहीतील ‘खाते’ हा शब्द गिरणीच्या विभागासाठी रूढ झाला. कोणतीही समिती बसली नाही. जो शब्द हाताशी होता तो घेतला; नव्हता तेथे इंग्रजी शब्दास मराठी उच्चाराच्या मुशीत घातले. नातूही अगदी तेच करीत आहे. ‘कोड रन होत नाही’, ‘एरर आला’, ‘लूप संपतच नाही’, ‘फंक्शनला व्हॅल्यू पास केलीच नाहीस’ या वाक्यांतील नामे इंग्रजी असली तरी ‘लूप’ पुल्लिंगी, ‘फाईल’ स्त्रीलिंगी आणि ‘फंक्शन’ नपुंसकलिंगी हा निवाडा मराठीचा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘कंपाईल करणे’ आणि ‘कंपाईल होणे’ ही जोडी. मनुष्य काय करतो आणि यंत्रात काय घडते, हा भेद इंग्रजी क्रियापद एकाच रूपात झाकून ठेवते. मराठी बोलणाऱ्यास मात्र तो प्रत्येक वाक्यात करावाच लागतो.

अशा स्थितीत पारिभाषिक नामांचा बाऊ करण्याचे कारण उरत नाही. ‘संगणक’ हा शब्द उत्तम रुळला, ‘आज्ञावली’ बऱ्यापैकी रुळली. ‘मृदुसामग्री’सारखे शब्द कोणाच्या ओठांवर आले नाहीत, कारण ते अवयवशः भाषांतर होते आणि ‘मृदु’ या विशेषणाने येथे कोणताच बोध होत नाही. शब्द टिकतात की नाही हे वापरणारे ठरवितात. आमच्या भाषिक अस्मितेचा सारा भार या नामांवर टाकण्यात आला, ही खेदाची गोष्ट आहे.

ज्यास सॉफ्टवेअर अभियांत्रिकी म्हणतात त्या विद्येचे स्वरूप काय, हे पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. हे नाव सर्वतोमुखी झाले ते १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुरस्काराने भरलेल्या परिषदेमुळे. मोठ्या आज्ञावल्या वेळेवर पुऱ्या होत नाहीत, अंदाजित खर्चात बसत नाहीत आणि सांगितले ते करीत नाहीत, ही चिंता त्या परिषदेमागे होती. यांतील तिसऱ्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसते, ‘सांगितले’ या क्रियेतच असते. म्हणून या शास्त्राने गरजांचे लेखन हे आपले पहिले अंग मानले: प्रणालीने काय करावे, काय करू नये, कोणत्या अटीवर करावे, हे संदिग्धता न ठेवता लिहिणे. मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात हा विषय पाचव्या सत्रात येतो. त्याच सत्रात सैद्धांतिक संगणकशास्त्रही येते, आणि त्यात चॉम्स्कीने १९५६ ते १९५९च्या दरम्यान मांडलेली व्याकरणांची उतरंड शिकवितात. भाषाशास्त्राचे हे ऋण विद्यार्थ्यास एका नामोल्लेखापलीकडे बहुधा कळत नाही. पण तो स्वतंत्र विषय आहे.

नायगावच्या ग्रंथालयासारख्या एखाद्या ग्रंथालयासाठी प्रणाली रचावयाची आहे असे समजू. नियम असा लिहिला: ‘सर्व सभासदांना दुर्मिळ ग्रंथ घरी नेता येत नाहीत.’ याचा अर्थ कोणासही नेता येत नाहीत असा, की काहींना येतात आणि काहींना येत नाहीत असा? व्याकरण दोन्ही अर्थांस मुभा देते. ‘कोणत्याही सभासदास’ म्हटले की पहिला अर्थ निश्चित होतो; ‘सर्वच’ म्हटले की वाक्य बहुधा दुसऱ्याकडे झुकते. हा दोष मराठीचा म्हणून हिणविण्याजोगा नाही. इंग्रजी ‘ऑल’ आणि ‘नॉट’ यांच्या संयोगातही नेमकी हीच गफलत आहे. परंतु इंग्रजीतील गफलत मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यास जाणवतच नाही. तो पाठ्यपुस्तकातील व्याख्या मुखोद्गत करतो: गरजा निःसंदिग्ध असाव्यात. निःसंदिग्ध म्हणजे काय हे त्यास ज्या भाषेत कानाने ओळखता आले असते, ती भाषा वर्गाबाहेर ठेवलेली असते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. सी या भाषेत पुनरावृत्तीसाठी ‘व्हाइल’ आहे, ‘अनटिल’ नाही. प्रश्नपत्रिकेत मात्र ‘रास रिकामी होईपर्यंत अमुक करा’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य येते, आणि नवशिका अट उलटी लिहून मोकळा होतो. आता मराठी पाहा. ‘पाणी येईपर्यंत थांब’ आणि ‘जोपर्यंत पाणी येत नाही तोपर्यंत थांब’ ही दोन वाक्ये समानार्थी आहेत, हे चाळीतल्या पाच वर्षांच्या मुलासही ठाऊक असते. पहिल्यात नकार नाही, दुसऱ्यात आहे. पहिले ‘अनटिल’, दुसरे ‘व्हाइल नॉट’. तर्कशास्त्राची जी समता शिकविण्यास अध्यापकाचा अर्धा तास खर्ची पडतो, ती विद्यार्थी घरून घेऊन आलेला असतो. (अट आधी तपासावयाची की कृती एकदा झाल्यावर, हा भेद वेगळा शिकवावा लागतो, हे मान्य.) ‘जर-तर’ आणि ‘नाहीतर’ यांचेही तसेच. ‘तर’ने परिणामाचा आरंभ ठळक होतो आणि ‘नाहीतर’ हा तर ‘एल्स’चा घरगुती पर्याय आहे. ‘किंवा’ आणि ‘की’ यांतील फरकही असाच उपयोगी: ‘चहा किंवा कॉफी घेणार?’ यास ‘हो’ हे उत्तर चालते, ‘चहा की कॉफी?’ यास चालत नाही. इंग्रजीला हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाने आणि स्वराघाताच्या भरवशावर सांगावे लागतात.

मग मराठी पाठ्यपुस्तक या भांडवलाचे काय करते? यंत्राच्या मदतीने केलेल्या, आणि घाईने तपासलेल्या, तांत्रिक भाषांतरात आढळणाऱ्या वाक्याचा नमुना म्हणून हे वाक्य कल्पावे: ‘वापरकर्त्याद्वारे प्रविष्ट केलेला डेटा प्रणालीमध्ये संग्रहित केला जातो, जो नंतर प्रक्रियेसाठी वापरला जाऊ शकतो.’ यात मराठीस परका असा एकही प्रत्यय नाही, तरी वाक्य मराठी नाही. ‘द्वारे’ आणि ‘केला जातो’ ही इंग्रजी कर्मणिप्रयोगाची सावली. मागाहून लोंबणारा ‘जो’ हा इंग्रजी संबंधी वाक्याचा. मराठीची प्रकृती ‘जो... तो’ अशी जोडी बांधण्याची आहे, आणि बहुधा ‘जो’चे वाक्य आधी येते. ‘वापरणारा जी माहिती भरतो ती प्रणाली साठवते आणि पुढे प्रक्रियेसाठी वापरू शकते’ असे म्हटले असता कोण भरतो, कोण साठवते, कोण वापरते हे तिन्ही कर्ते उघड होतात. सॉफ्टवेअरच्या आराखड्यात कर्ता कोण हाच पहिला प्रश्न असतो. कर्मणिप्रयोगाने तो झाकला की भाषांतर केवळ कुरूप होत नाही, ते शास्त्रदृष्ट्या निकृष्ट होते. अशा पुस्तकाने विद्यार्थ्यास तिसरीच एक भाषा शिकावी लागते: घरची मराठी नाही, ग्रंथांची इंग्रजी नाही. पुस्तक बाजूस सारून तो इंग्रजी पुस्तक उघडतो, आणि मग मराठी माध्यम टिकत नाही अशी ओरड होते.

एके ठिकाणी मराठीस खरोखरच काम करावे लागेल, आणि तेथे स्तुती करून भागणार नाही. गरजांच्या लेखनात बंधन, शिफारस आणि मुभा यांच्या पायऱ्या काटेकोर असाव्या लागतात; आंतरजालाच्या मानकांसाठी १९९७ साली ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांचे अर्थ एका टिपणात बांधून दिले गेले. मराठीत ‘करावे’ हे आज्ञा, उपदेश आणि इच्छा या तिन्हींस चालते. ‘सभासदास मुदत वाढविता येईल’ यातून परवानगी कळते, क्षमता कळते आणि भविष्यही कळते. ‘केलेच पाहिजे’, ‘करणे इष्ट’, ‘केले तरी चालेल’ अशी त्रिविध योजना करता येईल. पण ती एकदा ठरवून सर्व पुस्तकांत पाळावी लागेल. परिभाषासमित्यांनी नामांच्या याद्यांवर जेवढे श्रम वेचले त्याचा दशांश जरी या क्रियारूपांवर वेचला असता तरी अधिक फलप्राप्ती झाली असती.

दोन आक्षेपांची दखल घेतली पाहिजे. एक, नोकरी इंग्रजीत आहे. आहेच, आणि इंग्रजी शिकू नये असे येथे कोणी म्हटलेले नाही. उलट, ज्याने एक अट आपल्या भाषेत उलटसुलट करून पाहिली आहे तो ती इंग्रजीत लिहिताना कमी चुकेल, एवढेच म्हणणे आहे. दुसरा पक्ष आक्षेपाचा नाही, अतिभक्तीचा आहे. १९८५ साली एका संशोधकाने ज्ञानप्रतिपादनासाठी संस्कृतच्या उपयोगावर लेख लिहिला. तेव्हापासून संस्कृत ही संगणकास सर्वांत योग्य भाषा असल्याचे सांगत फिरणाऱ्यांची वाण नाही. पाणिनीच्या सूत्रपद्धतीचे बॅकसच्या लेखनपद्धतीशी साम्य १९६७ सालीच दाखविले गेले होते आणि ते खरे आहे. परंतु त्यातून चौथ्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याची ‘व्हाइल’ची अट सुधारत नाही. संगणकविद्येतील अग्रणी रं. नरसिंहन् यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातील आरंभीचा संगणक उभारण्यात पुढाकार घेतला, आणि पुढे १९८१ साली भाषाव्यवहाराच्या प्रतिमानांवर ग्रंथ लिहिला. त्यांचे लक्ष माणसे भाषा प्रत्यक्षात कशी वापरतात याकडे होते. आमच्या विभागांनीही तेथूनच आरंभ करावयास हवा होता.

करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे. पाचव्या सत्रातील गरजलेखनाचा पहिला मसुदा मराठीत लिहू द्यावा, मग इंग्रजीत. विषयही दूर शोधावा लागत नाही: ग्रंथालयाची देवघेव, चाळीच्या दुरुस्तीच्या तक्रारी, पाण्याच्या वेळा. मसुदा तपासण्यास संगणकाच्या अध्यापकाबरोबर मराठी विभागातील एखादा अध्यापक बसावा आणि प्रत्येक वाक्यास तीन प्रश्न विचारावेत: कर्ता कोण, अट कोणती, नकार कशाचा. मुंबईत दोन्ही विभाग एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. त्यांची परीक्षामंडळे मात्र एकमेकांस ओळखत नाहीत.