अनुशेषाची मोजपट्टी : दांडेकर समितीच्या अहवालाची चिकित्सा

अर्थतज्ज्ञाचा प्रभाव त्याच्या किती शिफारशी शासनाने स्वीकारल्या यावरून ठरविण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रापुरती तरी ही कसोटी अपुरी पडते. पुण्याच्या गोखले संस्थेचे माजी संचालक प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने राज्याला दिले ते मुख्यतः मोजण्याचे एक परिमाण.

समितीने जिल्हा हा घटक मानला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य आदी नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढून तिच्या खाली असलेल्या जिल्ह्यांची उणीव तिने रुपयांत मांडली. १९८४ च्या अहवालातील एकूण अनुशेष होता ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांहून किंचित अधिक. नागपूर करारापासून (१९५३) चाललेल्या तक्रारीला प्रथमच आकड्याचे बळ मिळाले. पुढे विधिमंडळात, वृत्तपत्रांत व १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांत वाद झाला तो याच परिभाषेत.

परंतु या मोजपट्टीची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. मागास जिल्हे वर आले की सरासरीही वर सरकते. म्हणून अनुशेष एखाद्या तारखेला गोठवावा लागतो. एकदा तो गोठवला की वाढत्या किमतींपुढे रुपयांतील आकडा बोलका राहत नाही. १९९४ चा आर्थिक अनुशेष कागदोपत्री भरून निघाला, तरी अमरावती विभागातील अकोला, बुलढाणा, वाशीम, अमरावती या जिल्ह्यांत सिंचनाचा भौतिक अनुशेष शिल्लक राहिला. निधी खर्ची पडला, पण शेतात पाणी पोहोचले नाही, ही विसंगती रुपयांच्या हिशेबाला दिसत नाही. दोष केवळ प्रशासनावर ढकलणे सोयीचे आहे. परिमाणाच्या निवडीचाही त्यात भाग आहे.

दुसरी अडचण घटकाची. रायगड जिल्ह्याच्या सरासरीत सिडकोने वसविलेल्या कामोठे, कळंबोलीसारख्या वसाहती आणि पोलादपूरच्या डोंगरातील वाड्या एकत्र मिसळतात. जिल्हा ठीक दिसतो. वाडी दिसतच नाही. डॉ. विजय केळकर समितीने (अहवाल २०१३) तालुक्यापर्यंत खाली उतरण्याचा विचार केला, हे त्या दृष्टीने महत्त्वाचे. मात्र तोवर 'अनुशेष' हा शब्द विभागीय राजकारणात इतका रुजला होता की तालुक्यांच्या हिशेबाला वाली कोण, हा प्रश्न कोणत्याच विभागाच्या नेतृत्वाला सोयीचा नव्हता. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली; त्यानंतरही मागण्या विभागांच्याच नावाने होत राहिल्या.