तारका आणि दंगा

उन्हाळ्यांतील शनिवार-रविवारीं तळ्याकाठच्या घरीं जाणाऱ्या ऑन्टेरिओच्या रॉकरसिकांस 'ट्रॅजिकली हिप' या कॅनडियन वृंदाचें 'बॉबकेजन' (१९९८) हें गीत फार प्रिय आहे. गीताचें नांव त्या तळ्यांच्या मुलुखांतील एका गांवाचें. २०१७ सालीं दिवंगत झालेले गायक गॉर्ड डाउनी यांनीं त्यांत रेखाटलेलें तारकांचें दर्शन खरोखर मनोहर आहे. परंतु त्याच गीताचा नायक टोरोंटोंत घोड्यावर बसून दंगा शमवितो. १९३३ सालच्या तेथील ज्यूविरोधी दंग्याची आठवण त्यामुळें अनेकांस होते. केवळ तारकांसाठीं हें गीत आळविणारा रसिक तें अर्धेंच ऐकतो, असें आमचें मत आहे. शहरांत जें पाहिलें तें मनांत असल्यामुळेंच नायकाला त्या तारका इतक्या मोलाच्या वाटतात.