इनामगावचा कोळसा आणि आपले वाचन

ज्यांच्या पूर्वजांच्या हाती लेखणी येऊ दिली नाही, त्यांचा इतिहास कोणत्या साधनांनी लिहायचा, हा प्रश्न आपल्या चळवळीत वारंवार येतो. शिलालेख राजाचा, ताम्रपट दान घेणाऱ्याचा, पोथी पुरोहिताची. त्यात आपला उल्लेख आलाच तर तो शिक्षेच्या किंवा विटाळाच्या कलमात. म्हणून पुरातत्त्वाचा, विशेषतः किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या तारखांचा आपल्याला आधार वाटतो. ही साक्ष कोणा लेखकाच्या हातची नाही. परंतु साक्षीदार जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालण्याचे काम प्रस्थापित विद्वान करतात आणि आपणही करतो.

आधी पद्धत पाहू. विलर्ड लिबी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४९ च्या सुमारास ती सिद्ध केली. त्याबद्दल त्याला १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. विश्वकिरणांमुळे वरच्या हवेत कार्बन-१४ तयार होतो. झाडे तो हवेतून घेतात, जनावरे झाडे खातात, माणूस दोन्ही खातो. जीव गेला की घेणे थांबते आणि साठलेला कार्बन-१४ झिजू लागतो. ५७३० वर्षांनी तो निम्मा उरतो. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्यासारखे फारसे राहत नाही. दगडाच्या हत्याराची तारीख याने काढता येत नाही. त्याला चुलीतला कोळसा, जळालेले धान्य किंवा हाड लागते. आणि चूल तर प्रत्येकाच्या घरी असते! खोपटातला कोळसा आणि वाड्यातला कोळसा प्रयोगशाळेत एकाच रीतीने मोजला जातो. आपल्यासारख्यांना या शास्त्राविषयी जो जिव्हाळा वाटतो तो इथून येतो, आणि तो खोटा नाही.

तरी मर्यादा आहेत. कोळसा लाकडाचे वय सांगतो, चूल कधी पेटली ते नव्हे. घराचा जुना वासा जळणात गेला असेल तर तारीख मागे सरकते. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते, म्हणून झाडांच्या वर्षवलयांवरून आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. शिवाय प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे असते. (या शास्त्रात 'आजपासून इतक्या वर्षांपूर्वी' म्हणताना 'आज' म्हणजे १९५० साल धरतात. आपली राज्यघटना अमलात आली तेच साल. योगायोगच, पण मला तो आवडतो.)

आता इनामगाव. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे दीड दशक उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी संपादित केलेला त्याचा अहवाल १९८८ साली आला. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे अशा तीन वस्त्या तिथे ओळखल्या गेल्या. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. हे काम मोठे आहे आणि त्याविषयी आदरच आहे. माझा आक्षेप त्याच्या वाचनावर आहे.

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर निघाले, जवळ धान्याचे कोठार निघाले. म्हणून ते घर प्रमुखाचे आणि कोठार करवसुलीचे ठरले. कुंभार, सोनार वगैरे कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला निघाली. रामशरण शर्मा यांच्या १९७७ च्या 'एन्शंट इंडिया' या पाठ्यपुस्तकात या मांडणीवरून सामाजिक अंतराचे अनुमान काढले आहे. शर्मा काही सनातनी नव्हेत. पण त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली वर्णन केलेला गावगाडाच येथे तीन हजार वर्षे मागे नेऊन उभा केल्यासारखा वाटतो. भट्टीचा धूर आणि आगीचे भय असताना कुंभाराने कडेला राहण्यात कोणते अंतर आहे? आणि आपल्या ओळखीच्या गावात सोनार कधी कडेला राहिला? कोळशाच्या तारखेत पाऊणशे-शंभर वर्षांचे अधिक-उणे म्हणजे तीन-चार पिढ्या. मधले घर आणि कडेचे घर एकाच पिढीत नांदत होते, एवढेसुद्धा तो कोळसा एकटा सांगू शकत नाही. मग त्यांच्यातले अंतर तो काय सांगणार? प्रमुख असेलही. पण उच्चनीचता पहिल्या शेतकऱ्यांपासूनच होती असे मुलांच्या मनावर ठसले, की तिला आरंभ उरत नाही. आणि जिला आरंभ नाही तिला अंत तरी कसा सुचावा?

डॉ. बाबासाहेबांनी हीच गाठ सोडवली होती. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेला तारीख दिली. इ. स. २०० मध्ये ती नव्हती, ६०० पर्यंत ती आलेली होती, अशा दोन मर्यादा घालून त्यांनी सुमारे ४०० हा काळ सुचविला. हाती कार्बन नव्हता, ग्रंथच होते. तरी अधिक-उणे किती ते त्यांनी उघड मांडले. त्यांच्या निष्कर्षाशी कोणी वाद घालावा, पण ही शिस्त आपल्या वक्त्यांमध्ये कमी दिसते. 'कार्बनने सिद्ध केले, आम्हीच मूळचे' असे व्यासपीठावरून सांगितले जाते. कोळशाला वंश कळत नाही. १९४६ साली आर्य वंशाचा सिद्धान्त खोडून काढणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण वंशाच्याच मागे लागावे, हे मला पटत नाही.

इनामगावला प्रौढांचे मृतदेह घोट्याखाली पाय तोडून पुरलेले आढळतात. वर्गात हे सांगितले तेव्हा आपल्याच वस्तीतला एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, म्हणजे तेव्हाही आपल्या लोकांचे पाय तोडत होते." वर्ग गप्प झाला. मी त्याला सांगितले, ही दफने घरातल्या जमिनीखाली आणि अंगणात आहेत. पुरणारे घरचेच असणार. भुताने चालून जाऊ नये म्हणून पाय तोडले, हा विद्वानांचा खुलासाही शेवटी तर्कच आहे. तो बसला आणि पुन्हा उठला. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक माणूस सापडला, त्याचे पाय शाबूत होते, हे मी आधी सांगितले होते. "मग त्याचेच का नाही तोडले, सर?"

प्रश्न बरोबर होता. तो कोळशाला विचारता येणार नाही, एवढेच मी त्याला सांगितले.